ढाणकी ते अजमेर, थंडीत गाडीने: निघण्याआधी घरच्यांनी बसून काय काय ठरवायचं?

दिवाळी सरली, कापसाचे पहिले वेचे झाले, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली की आपल्या ढाणकी-उमरखेड भागात एक विषय हमखास निघतो. "यंदा अजमेरला जाऊन यायचं का?" मग कुणाची तरी सात सीटची गाडी ठरते, नाहीतर चार घरं मिळून टेम्पो ट्रॅव्हलर करतात. अम्मीची मन्नत असते, नव्या सुनेला दाखवायचं असतं, मुलांना सुट्टी असते. जायचं की नाही हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण जायचं ठरलंच तर एवढा लांबचा रस्ता थंडीच्या सुरुवातीला सुखरूप कसा पार करायचा, ते एका ठिकाणी लिहून ठेवावं, असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. अजमेरऐवजी दिल्ली, आग्रा किंवा हैदराबादला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच काही कामी येईल.

आत्ताच हा विषय का?

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती रहमतुल्लाह अलैह यांचा उर्स दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो. उर्स रजब महिन्याच्या पहिल्या सहा दिवसांत असतो. २०२५ मध्ये रजब डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागला. २०२६ मध्ये तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि २०२७ मध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबर लागताना येतो. चाँदप्रमाणे एखादा दिवस पुढे-मागे होईल. म्हणजे ही काही वर्षं उर्सचा प्रवास थेट हिवाळ्याच्या तोंडावरच पडतोय. दिवस लहान, रात्री लांब, पहाटे धुकं आणि रस्त्यावर ऊस-कापसाची वाहनं, या सगळ्यांतूनच जावं लागणार.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक टेम्पो ट्रॅव्हलर कंटेनरवर मागून आदळला. सैलानी बाबांच्या दर्ग्यावरून नाशिककडे परतणारी ती माणसं होती. १२ जण गेले, वीसहून जास्त जखमी झाले. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्याच वर्षी १ जुलैला सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. दोन्ही वेळा हिवाळा नव्हता, धुकंही नव्हतं. सारखी गोष्ट एकच, वेळ रात्रीची होती. आणि आपल्याकडे लांबच्या प्रवासाचा बेत होतो तो नेमका असाच: "इशा पढून निघू, रातोरात निम्मा रस्ता कापू."

हा बेत आम्हीही केलेला आहे. काही वर्षांपूर्वी घरची सात माणसं घेऊन इशानंतर निघालो. उमरखेड यायच्या आत उसाने भरलेली ट्रॅक्टरची दुहेरी ट्रॉली पुढे आली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात ती दिसलीच नाही. ब्रेक लागला, गाडी साईडपट्टीवर उतरली, ट्रॉलीतल्या उसाची टोकं काचेपासून हातभर अंतरावर होती. कुणाला खरचटलंही नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण पुसदपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला: फजर पढून निघायचं, मगरिबला थांबायचं. हा पूर्ण लेख त्या एका नियमाभोवतीच आहे, असं समजा.

उजेडाचा हिशेब

डिसेंबरच्या सुरुवातीला ढाणकीत सूर्य साधारण ६.४० ला उगवतो आणि ५.४० च्या सुमारास मावळतो. म्हणजे हातात ११ तास उजेड. अजमेर आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला असल्यामुळे तिथे सूर्योदय सातनंतर होतो आणि दिवस साडेदहा तासांचाच मिळतो. जसजसे वर जाल तसतशी सकाळ उशिरा होते. पहिल्या दिवशी पावणेसातला निघता आलं म्हणून तिसऱ्या दिवशीही त्याच वेळी स्वच्छ दिसेल, असं धरून चालू नका.

या ११ तासांतले अडीच-तीन तास जेवण, नमाज, चहा, लघवी, डिझेल यात जातात. उरले आठ. घाट, गावं, रस्त्याची कामं धरून सरासरी ताशी ४५ किमी पडली तरी पुष्कळ झालं. म्हणजे दिवसाला साडेतीनशे किमी. मोबाईलचा नकाशा "१८ तास" म्हणतो तेव्हा त्याने आपल्या अब्बांचे गुडघे, लहान पोराची उलटी आणि टोलवरची रांग मोजलेली नसते.

रस्ता कसा वाटून घ्यायचा?

ढाणकीहून अजमेर, ज्या वाटेने जाल त्याप्रमाणे हजार ते अकराशे किमी पडतं. आम्ही तीन दिवसांची वाटणी सुचवतो.

पहिला दिवस: ढाणकी ते बऱ्हाणपूर, सुमारे साडेतीनशे किमी. ढाणकी-उमरखेड वीसेक, पुढे पुसद चाळीसेक, मग वाशीम, मालेगाव, पातूर करत अकोला. अकोल्याहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने बाळापूर, खामगाव, नांदुरा, मलकापूर आणि तिथून उजवीकडे बऱ्हाणपूर. सगळ्यात जपून चालवायचा भाग आपल्या घराजवळचाच आहे. ढाणकी-बिटरगाव पट्टा पैनगंगा अभयारण्याला लागून आहे. पहाटे आणि सांजेला रोही, रानडुक्कर अचानक आडवे येतात. रोही एकटा नसतो, एक गेला की मागे दुसरा असतो, म्हणून पहिला पार झाल्यावर लगेच वेग घेऊ नका. नदीकाठच्या शेतांवर सकाळी धुकंही साचतं.

बऱ्हाणपूरला मुक्काम करण्यात दुसराही फायदा आहे. मुलांना दाखवण्यासारखं गाव आहे. मुमताज महलचं निधन १६३१ मध्ये इथेच झालं. तापीकाठचा शाही किल्ला आणि फारुकी काळातली जामा मस्जिद पाहता येते. मस्जिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. दुपारी चारपर्यंत पोहोचलात तर मगरिबच्या आत हे सगळं होतं.

दुसरा दिवस: बऱ्हाणपूर ते रतलाम, सुमारे ३४० किमी. खंडवा, सनावद, मोरटक्क्याचा नर्मदा पूल, बडवाह, मग भेरूघाट आणि सिमरोल चढून इंदूर. हा घाट अंधारात करायचा नाही. अवजड वाहनं रांगेने चढतात, वळणावर ओव्हरटेक करण्याचा मोह होतो. या मार्गावर रुंदीकरणाची कामं चालतात, म्हणून वळणरस्ता कुठे आहे ते आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी ट्रकवाल्यांना विचारून घ्या. इंदूर शहरात शिरू नका, बायपास धरा. रतलामला पोहोचायला पाच वाजत असतील तर तिथेच थांबा. "मंदसौर ८५ किमीच तर आहे" असं म्हणून पुढे जायचं नाही. माळव्याच्या पठारावर सूर्य गेला की गारवा झपाट्याने उतरतो.

तिसरा दिवस: रतलाम ते अजमेर, सुमारे ३८० किमी. जावरा, मंदसौर, नीमच, चित्तोडगड, भीलवाडा, नसीराबाद. रस्ता बहुतेक चौपदरी आहे. सोपा रस्ता म्हणून वेग वाढतो आणि सरळ रस्त्यावर दुपारी जेवणानंतर डुलकीही लागते. या दिवशी सकाळी धुकं असेल तर नऊपर्यंत निघूच नका. दोन तास उशीर झाला तरी चौपदरी रस्त्याने उजेडात पोहोचता येतं.

परतीलाही हेच तीन दिवस. बहुतेक घरं जाताना नीट जातात आणि येताना "आता घरी जायचंय" म्हणून एका दमात येतात. मुक्कामाचे पैसे परतीसाठीही आधीच बाजूला काढून ठेवा.

गाडी कुणाची आणि माणसं किती?

आधी आरसी बुक काढून बघा, त्यात आसनक्षमता लिहिलेली असते. सात लिहिलं असेल तर ड्रायव्हर धरून सात. "पोरं मांडीवर बसतील" हा हिशेब अडीचशे रुपये वाचवतो आणि अपघातात सगळ्यात आधी त्याच पोराला समोरच्या काचेवर फेकतो. पट्टा मागच्या सीटवरच्यांनीही लावायचा आहे, कायदाही तेच सांगतो.

पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं-घेणं कायद्यात बसत नाही. ओळखीच्याची गाडी "डिझेल आणि वर थोडे पैसे" अशा बोलीवर घेतली आणि काही झालं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाड्याने करायची तर पिवळ्या प्लेटची, दुसऱ्या राज्यांत चालणारं परमिट असलेली गाडी करा आणि परमिटची मुदत स्वतः वाचा.

विम्याचंही तसंच. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर रस्त्यावरच्या दुसऱ्याचं नुकसान भरलं जातं, खासगी गाडीत बसलेल्या आपल्या माणसांना त्यातून सहसा काही मिळत नाही. मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण मागे बसलेल्या अम्मीला ते लागू नाही. प्रवाशांसाठी वेगळं संरक्षण थोड्या जास्त हप्त्यात घेता येतं. निघण्याआधी एजंटला फोन करून विचारा.

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये दाखवले तरी चालतात. पण मोबाईल बंद पडू शकतो, म्हणून झेरॉक्सचा एक संच डॅशबोर्डमध्ये ठेवा. फास्टॅगमध्ये जाण्यायेण्याचे पैसे आधी भरा.

ड्रायव्हर एक की दोन?

दोन. घरात लायसन्सवाला दुसरा माणूस नसेल तर पगारी ड्रायव्हर घ्या. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता. त्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असा नियम होता. बस-ट्रक चालवून चालवून हात बसलेल्या माणसासाठी ही मर्यादा होती, तर वर्षातून एकदा लांब जाणाऱ्या आपल्यासाठी ती जास्त कशी असेल? आम्ही दोन तासांची पाळी ठेवतो. दोन तास झाले की गाडी थांबते, सगळे उतरतात, हातपाय हलवतात.

ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६५ मीटरहून जास्त अंतर कुणीच गाडी चालवत नसतं. काच उघडणं, तोंडावर पाणी मारणं, मोठ्याने नात लावणं, चहा पिणं, यातल्या कशानेही झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. डोळे जड झाले की पेट्रोलपंपावर किंवा मोठ्या ढाब्यावर गाडी लावून वीस मिनिटं झोपणं एवढाच उपाय आहे. आणि ड्रायव्हरला मुक्कामी वेगळी, शांत खोली द्या. त्याला गाडीतच झोपायला लावून आपण हॉटेलात झोपणं बरोबर नाही, आणि सकाळी तोच आपला जीव हातात घेऊन बसणार असतो.

गाडीची तयारी: निघण्याच्या आठ दिवस आधी

टायर: हवा टायर थंड असताना तपासायची, म्हणजे सकाळी, गाडी दोन किमीच्या वर चाललेली नसताना. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआय कमी दाखवतो. दुपारी भरलेली हवा रतलामच्या पहाटे कमी भरते ती त्यामुळे. भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. समजा २३२१, तर तो २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी राहिली असेल तर टायर बदला. स्टेपनीत हवा आहे का ते बघायला सगळे विसरतात.

बॅटरी: थंडीत तिची ताकद कमी होते. तीन-चार वर्षं जुनी असेल आणि सकाळी सेल्फ जड चालत असेल तर घरीच तपासून घ्या. पहाटे परक्या गावात धक्का मारायला कुणी मिळत नाही.

दिवे आणि काच: दोन्ही हेडलाईट, मागचे लाल दिवे, इंडिकेटर, वायपरची रबरं, काच धुण्याचं पाणी हे सगळं बघा. मागचे दिवे चिखलाने झाकले जातात, रोज सकाळी फडकं मारा. कूलंट आणि ब्रेक ऑईल मेकॅनिककडून पाहून घ्या.

गाडीत ठेवायचं: परावर्तक त्रिकोण, टॉर्च, टोचन, जॅक-पाना, दोन जाड चादरी, पाण्याचा कॅन, खजूर-चणे-बिस्किटं, पॉवर बँक, कोरे प्लास्टिकचे बोळे, प्रथमोपचाराची पेटी.

डिझेलचा हिशेब: येणं-जाणं आणि तिथलं फिरणं मिळून २,२०० किमी धरा. गाडी लिटरला १५ देत असेल तर सुमारे १४७ लिटर. त्याला चालू भावाने गुणा, वर टोल, चार मुक्काम आणि हातात अडीअडचणीसाठी वेगळे पैसे. ही बेरीज झेपत नसेल तर माणसं कोंबून किंवा मुक्काम गाळून पैसे वाचवू नका. रेल्वेने जा, किंवा पुढच्या वर्षी जा.

धुकं लागलं तर

धुक्यात वेग किती ठेवायचा, याचं सोपं गणित आहे. जेवढं दिसतं त्याच्या आत गाडी थांबली पाहिजे. कोरड्या रस्त्यावर, ड्रायव्हरला भान यायला एक सेकंद धरला तर ताशी ८० ने जाणारी गाडी थांबायला ५५ मीटरहून जास्त लागतात. ६० ने सुमारे ३७, ४० ने सुमारे २०. भरलेली गाडी, दवाने ओला रस्ता, झिजलेले टायर असले की हे अंतर वाढतं. म्हणजे ५० मीटर दिसत असेल तर ४० च्या वर जायचं नाही.

हेडलाईट खाली पाडलेलेच ठेवा. अप्पर लावला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला आपण थांबलोय की वळतोय ते कळत नाही. डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरून चला. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याला चिकटून जाऊ नका, तो खड्ड्यात गेला तर तुम्हीही जाल. ओव्हरटेक बंद.

आतून काच धूसर झाली तर हाताने पुसत बसू नका. एसी चालू करा, हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घ्यायचं बटण ठेवा. थंडी आहे म्हणून आतलीच हवा फिरवत ठेवली तर सात माणसांच्या श्वासाने काच पुन्हा भरते, आणि ड्रायव्हरलाही पेंग येते.

काहीच दिसेनासं झालं तर रस्त्याच्या कडेला उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. पंप, ढाबा, टोलनाका येईपर्यंत हळू चाला आणि रस्ता सोडून पूर्ण आत गाडी लावा. गाडी मध्येच बंद पडली तर चारही इंडिकेटर लावा, आधी माणसं उतरवून कठड्यापलीकडे न्या, मग त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर ठेवा. बायका-मुलांना "थंडी आहे, आतच बसा" म्हणू नका.

शेगडी आणि बंद गाडी

हे वेगळं लिहायचं कारण असं की दर हिवाळ्यात यातून माणसं जातात. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपायचं नाही. इंजिन आणि हीटर चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपायचं नाही. यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेला माणूस जागाच होत नाही. डोकं दुखणं, मळमळणं, चक्कर येणं ही खूण आहे. लगेच दार उघडून सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा. थंडी वाजत असेल तर लॉजवाल्याकडे जास्त रजया मागा.

अम्मी-अब्बा, लहान मुलं

साखर-बीपीची औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची घ्या आणि डिक्कीतल्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन हीटरच्या झोताजवळ ठेवायचं नाही. दम्याचा पंप ज्याचा त्याच्या खिशात. थंडीत तहान लागत नाही आणि सारखं उतरावं लागतं म्हणून बायका, वयस्क माणसं पाणी पीतच नाहीत. त्याने बद्धकोष्ठता, चक्कर, लघवीची जळजळ सुरू होते. त्यांना संकोच वाटू न देता दर दोन तासांनी स्वच्छ शौचालय असलेल्या मोठ्या पंपावर गाडी थांबवणं ही गाडीतल्या पुरुषांची जबाबदारी आहे. खूप वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं की पाय सुजतात, रक्ताची गाठही होऊ शकते, म्हणून उतरून थोडं चालायला लावा. घरात गरोदर सून असेल तर आधी डॉक्टर, मग बेत.

कपडे एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थरांचे बरे. दुपारी मलकापूरला घाम येतो आणि रात्री अजमेरात पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली जातो. कानटोपी, मोजे, लहान मुलांचे हातमोजे विसरू नका.

प्रवासातली नमाज

हनफी मसलकात सुमारे ७७-७८ किमी किंवा त्याहून लांब जायच्या इराद्याने आपल्या गावाची वस्ती ओलांडली की माणूस मुसाफिर होतो. चार रकातींची फर्ज दोन होते, फजर आणि मगरिब तशाच राहतात. एका ठिकाणी १५ दिवस किंवा जास्त राहायची नियत असेल तर पूर्ण पढायची. दोन नमाजी एकत्र करण्याबाबत मसलकांत फरक आहे, आपल्या इमामसाहेबांना निघण्याआधी विचारून घ्या, गाडीत वाद नको.

गार पाण्याने वयस्क माणसांचे हाल होतात. चामड्याचे मोजे वजू करून घातले तर मुसाफिराला तीन दिवस, तीन रात्री त्यावर मसह करता येतो. साध्या सुती-नायलॉनच्या मोज्यांवर हनफी मसलकात ते चालत नाही. एक मोठा थर्मास गरम पाण्याने भरून ठेवला तर वजूलाही होतं आणि दुधाच्या बाटलीलाही.

उजेडाच्या हिशेबात नमाजही आपोआप बसते: फजर मुक्कामी, जोहर जेवणाच्या थांब्यावर, असर शेवटच्या चहाला, मगरिब-इशा पुन्हा मुक्कामी. नमाजसाठी महामार्गाच्या साईडपट्टीवर गाडी लावून सफ करू नका. पंप, ढाबा, गावातली मस्जिद गाठा.

अजमेरात पोहोचल्यावर

दर्गा बाजाराच्या गल्ल्या अरुंद आहेत, तिथपर्यंत गाडी नेण्याचा हट्ट सोडा. उर्सच्या दिवसांत बाहेरून येणाऱ्या जायरीनची मोठी सोय कायड विश्रामस्थळीवर असते, गाड्या-बस तिथे लावून पुढे जावं लागतं. उर्समध्ये, त्यातही छठीला गर्दी फार असते. लहान मुलांच्या खिशात नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, चुकामूक झाली तर भेटायची एक जागा आधीच ठरवा. ज्यांच्याबरोबर फार वयस्क किंवा आजारी माणसं आहेत, त्यांनी उर्स सोडून पंधरा दिवस आधी किंवा नंतर जाणं बरं.

घरी ठेवायचा कागद

गाडीचा नंबर, दोन्ही ड्रायव्हरांचे मोबाईल, मुक्कामाची ठिकाणं, विमा पॉलिसीचा नंबर आणि गाडीतल्या प्रत्येकाचा रक्तगट, एवढं एका कागदावर लिहून ढाणकीत घरच्या जबाबदार माणसाकडे द्या. रोज निघताना आणि मुक्कामी पोहोचल्यावर एक फोन. मधल्या वेळी ड्रायव्हरला कुणीही फोन करायचा नाही, मागे बसलेल्याला करा.

हे नंबर पाठच असू द्या: पोलीस आणि सगळ्या अडचणींसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गावरची मदत १०३३.

आणि दुसऱ्याचा अपघात दिसला तर? घाबरून पुढे निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं आहे. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्याला आपलं नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. पहिला तास मोलाचा असतो. १०८ ला फोन करा, जखमीला ओढाताण न करता कपड्याने रक्त दाबून धरा.

निघण्याच्या आदल्या रात्री

सामान इशाआधी गाडीत भरा. ड्रायव्हरने दहाला झोपायचं. घरातल्या मोठ्यांनी सगळ्यांसमोर एकदा सांगून टाकायचं की मगरिब झाली की गाडी थांबेल, मग कुणीही "अजून थोडंच राहिलंय" म्हणायचं नाही. हे वाक्य गाडीत बसण्याआधी म्हटलेलं असलं की रस्त्यात ड्रायव्हरवर दडपण येत नाही. अकोल्यात उशीर झाला, मलकापुरातच अंधार पडला, तर मलकापुरात राहायचं. बऱ्हाणपूर उद्याही तिथेच आहे.

सकाळी फजर पढा, सफरची दुआ पढा, टायरांवर एक नजर टाका, सगळ्यांचे पट्टे लागले का बघा आणि उजाडलं की निघा. आपल्या भागातून यंदा कुणी जाऊन आलं आणि रस्त्याची, मुक्कामाची काही नवी माहिती असेल तर पुढे जाणाऱ्यांना जरूर सांगा. अल्लाह सगळ्यांचा सफर आसान करो आणि सगळ्यांना खैरियतने घरी आणो. आमीन.